गाडीला बाहेरून हेडलाइट बसवताय? आधी डिपरची रेघ समजून घ्या

गाडी घेतल्यावर रात्रीचा पहिला लांबचा प्रवास झाला की बहुतेकांची तक्रार एकच असते: कंपनीचे लाइट फार मिणमिणते आहेत. तक्रार अगदीच खोटी नसते. कमी किमतीच्या व्हेरियंटमध्ये अजूनही साधे हॅलोजन बल्ब येतात. त्यांचा उजेड पिवळसर असतो आणि समोरून पांढऱ्याशुभ्र लाइटची गाडी आली की आपला प्रकाश रस्त्यावर पडतोय की नाही हेच कळेनासं होतं. मग ॲक्सेसरीजच्या दुकानात चौकशी होते. दुकानदार एलईडी बल्ब काढतो, गाडी भिंतीसमोर उभी करून लाइट लावून दाखवतो, भिंत लख्ख उजळते आणि काही हजारांत काम उरकतं.

या व्यवहारात दोन गोष्टी सहसा कोणी सांगत नाही. भिंत उजळणं आणि रस्ता दिसणं यांचा संबंध फार थोडा आहे. आणि हा बदल बहुतेक वेळा कायद्यात बसत नाही. लोक या दोन्हींकडे वेगवेगळं पाहतात, ‘उजेड चांगला आहे, पण पोलिसांनी पकडायला नको’ अशा हिशेबाने. प्रत्यक्षात कायद्याने जे मागितलं आहे ते समोरच्याच्या डोळ्यांना जे हवं असतं तेच आहे. ते पटायचं तर सुरुवात बल्बपासून करावी लागेल.

वाटी आणि रेघ

आपल्याकडच्या असंख्य गाड्यांत एच४ प्रकारचा हॅलोजन बल्ब असतो, १२ व्होल्टचा, ६०/५५ वॉटचा. त्यात दोन तारा (फिलामेंट) असतात. ६० वॉटची अप्परसाठी, म्हणजे लांब झोतासाठी, आणि ५५ वॉटची डिपरसाठी, म्हणजे खाली वळलेल्या झोतासाठी. काचेला बोट न लावता हा बल्ब नीट पाहिलात तर डिपरच्या तारेखाली धातूची एक इवलीशी वाटी दिसेल. सगळी करामत तिची आहे. तारेतून खाली जाणारा प्रकाश ती अडवते. त्यामुळे डिपरचा प्रकाश रिफ्लेक्टरच्या, म्हणजे बल्बमागच्या आरशाच्या, फक्त वरच्या भागावर पडतो आणि तिथून वळून खाली रस्त्याकडे जातो. रिफ्लेक्टरच्या खालच्या भागावर पडलेला प्रकाश वर गेला असता, म्हणजे थेट समोरच्याच्या डोळ्यांत.

या वाटीची एक कड तिरकी असते. त्यामुळे डिपर भिंतीवर मारला की खाली उजेड, वर अंधार आणि मधे एक स्पष्ट रेघ दिसते. ही रेघ उजवीकडे आडवी असते आणि डावीकडे साधारण १५ अंशांनी वर चढते. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, समोरची वाहनं उजवीकडून येतात, म्हणून तिथे प्रकाश खालीच राहायला हवा. डावीकडे रस्त्याची कड असते, पायी चालणारे असतात, सायकलवाले, वळणाचे दगड असतात, म्हणून तिथे तो लांबवर पोचायला हवा. अमेरिकेसारख्या, उजव्या बाजूने गाडी चालवणाऱ्या देशासाठी बनलेला हेडलाइट इकडे बसवला तर ही चढती बाजू नेमकी समोरून येणाऱ्याच्या तोंडावर जाते. इंटरनेटवर स्वस्तात मिळणाऱ्या तयार ‘प्रोजेक्टर’, म्हणजे भिंगातून झोत टाकणाऱ्या, हेडलाइटच्या जोड्यांत हा प्रकार सापडतो. तपासायचं असेल तर काचेवरच्या खुणा पाहा. युरोपीय पद्धतीच्या मंजुरीत फक्त डाव्या बाजूच्या वाहतुकीसाठी बनलेल्या हेडलाइटवर एक आडवा बाण असतो, गाडीकडे तोंड करून उभं राहिलं तर आपल्या उजव्या हाताकडे दाखवणारा. दोन्ही टोकांचा बाण म्हणजे दोन्हीकडे चालतो. बाणच नसेल तर तो हेडलाइट उजव्या बाजूच्या वाहतुकीचा.

ही रेघ किती नाजूक असते ते आकड्यांत पाहू. हेडलाइट जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर आहे आणि रेघ दर १० मीटरला १० सेंटिमीटर उतरते असं धरू. मग ती ७० मीटरवर रस्त्याला टेकेल. हाच हेडलाइट अर्ध्या अंशाहून किंचित जास्त वर उचलला गेला तर रेघ रस्त्याला समांतर होते आणि कधीच टेकत नाही. मागे तीन माणसं बसली आणि डिकी भरली की गाडीचा मागचा भाग दबून एवढा फरक सहज पडतो. स्टिअरिंगच्या उजवीकडे ० ते ३ आकड्यांचं जे छोटं चक्र बऱ्याच गाड्यांत असतं ते यासाठीच आहे. गाडी भरलेली असेल तर आकडा वाढवायचा, म्हणजे प्रकाश खाली येतो. कित्येकांनी ते चक्र कधी फिरवलेलंही नसतं, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण फुकटात मिळालेली एवढी उपयोगी गोष्ट गाडीत दुसरी नाही.

एलईडी बल्ब घातला की काय होतं

रिफ्लेक्टरचा प्रत्येक वळसा एका गृहीतावर काढलेला असतो: प्रकाश अमुक जागी ठेवलेल्या, अमुक लांबीच्या, चहूबाजूंनी पेटणाऱ्या बारीक तारेतून निघणार. तारेची जागा मिलिमीटरच्या अंशापर्यंत ठरलेली असते. एलईडी बल्बमध्ये तार नसते. एका धातूच्या पट्टीच्या दोन अंगांना चपट्या चिप चिकटवलेल्या असतात. पट्टीला जाडी असते, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या चिप नेमक्या तारेच्या जागी येऊ शकत नाहीत, आणि प्रकाश गोल न पसरता दोन दिशांना फेकला जातो. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा घातल्यावर जसं होतं तसं रिफ्लेक्टरचं होतं: काच तीच, पण काहीच नेमकं जुळत नाही.

परिणाम भिंतीवर लगेच दिसतो. रेघ पुसट होते, तिच्या वर उजेडाचे ठिपके आणि पट्टे उमटतात. ते ठिपके म्हणजे समोरच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत जाणारा प्रकाश. एच४च्या चांगल्या एलईडी बल्बला वाटीसारखी आडकाठी केलेली असते आणि चिप बरोबर डाव्या-उजव्या बाजूला येतील असा बल्ब फिरवून बसवला तर बराच फरकही पडतो. पण मूळ रेघ पूर्ण परत येत नाही.

मग चालवणाऱ्याला ‘झकास दिसतंय’ असं का वाटतं? कारण गाडीच्या पुढचे १०-१५ मीटर दणकून उजळतात. डोळ्याला ते आवडतं, पण समोरचा जवळचा भाग इतका उजळला की डोळ्याची बाहुली आकसते, आणि दूरच्या अंधारातलं दिसणं उलट कमी होतं. वेगात दूरचंच दिसायला हवं असतं. ताशी ८० किलोमीटरने गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. धोका ओळखून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर ३३ मीटर तिथेच गेले. मग कोरड्या रस्त्यावर कचकन ब्रेक दाबूनही थांबायला आणखी ३५-४० मीटर लागतात. म्हणजे ७० मीटरवरचं जे दिसत नाही त्याच्यासाठी आपण थांबू शकत नाही. पुढचे १५ मीटर कितीही लखलखीत असले तरी त्या वेगात तिथे करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

पाकिटावरच्या आकड्यांचंही बोलायला हवं. कंपनीचा एच४ हॅलोजन डिपरवर साधारण १,००० लुमेन (लुमेन हे प्रकाशाचं माप) आणि अप्परवर १,६५० लुमेन देतो. दुकानात २०,००० लुमेन छापलेली पाकिटं सर्रास मिळतात. एलईडी एका वॉटमागे साधारण १०० ते १५० लुमेन देते. २०,००० लुमेनसाठी दीडशे-दोनशे वॉट खर्ची पडायला हवेत, आणि हातातला बल्ब तर ३०-४० वॉटचा असतो. तेव्हा तो आकडा खरा असूच शकत नाही. तो खरा नाही हे एका अर्थी बरंच आहे.

रंगाचाही मोह असतो. हॅलोजनचा प्रकाश सुमारे ३,२०० केल्विनचा (केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचं माप), पिवळसर. बाजारात ६,००० केल्विनचा निळसर पांढरा लोकप्रिय आहे. तो चमकदार वाटतो, पण निळसर प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांना जास्त खुपतो, आणि आंबोली किंवा वरंध घाटात पावसाळ्यातल्या धुक्यात रेघेच्या वर उडालेला हा सगळा प्रकाश धुक्याच्या थेंबांवर आपटून आपल्याकडेच परत येतो. समोर पांढरी भिंत उभी राहते. अशा वेळी ओल्या, काळ्या डांबरावर ‘लाइटच पडत नाही’ अशी तक्रार एलईडी बसवलेलेच जास्त करतात.

आणखी काही कुरबुरी असतात. हॅलोजनची उष्णता प्रकाशाबरोबर पुढे जाते आणि काचेवर आतून धरलेलं बाष्प उडवते. एलईडीची उष्णता मागे जाते, म्हणून तिला मागे पंखा किंवा ॲल्युमिनियमची जाळी लागते. ती मूळ रबरी टोपीत मावत नाही, मग टोपी कापली जाते किंवा काढूनच टाकली जाते. कोकणातल्या एका पावसाळ्यात अशा हेडलाइटमध्ये पाणी दिसायला लागतं आणि रिफ्लेक्टरचा मुलामा उडतो. स्वस्त एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटमुळे एफएम रेडिओ खरखरतो. नव्या गाड्यांत बल्ब किती करंट घेतो यावर कॉम्प्युटरचं लक्ष असतं, त्याला फसवायला तापणारे रेझिस्टर जोडले जातात.

एचआयडी म्हणजे झेनॉनचे किट आता कमी दिसतात, पण अजून मिळतात. ३५ वॉटची झेनॉन नळी ३,००० लुमेनच्या वर प्रकाश देते आणि पेटताना तिला २०,००० व्होल्टच्या आसपासचा झटका लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांत २,००० लुमेनपेक्षा तेजस्वी डिपर असेल तर हेडलाइट आपोआप वरखाली होण्याची आणि काच धुण्याची सोय सक्तीची आहे. झेनॉन असलेल्या महागड्या गाड्यांच्या हेडलाइटखाली पाण्याच्या पिचकाऱ्या का असतात, ते यामुळे. किटमध्ये यांपैकी काहीही मिळत नाही, फक्त नळी आणि तिला वीज पुरवणारा बॅलास्ट मिळतो.

१००/९०चा बल्ब आणि जळणारं वायरिंग

जुन्या पद्धतीचा मोह अजून गेलेला नाही: कंपनीच्या ६०/५५च्या जागी त्याच आकाराचा १००/९० किंवा १३०/१०० वॉटचा हॅलोजन. यात तार जवळपास जागच्या जागी असते, त्यामुळे रेघ फार बिघडत नाही. पण वर उडणारा जो थोडा प्रकाश मूळ बल्बातही असतो तो त्याच प्रमाणात वाढतो, आणि खरा धोका बॉनेटखाली तयार होतो.

६० वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर ५ अँपिअर घेतो, १०० वॉटचा ८ अँपिअरच्या पुढे जातो. वायरिंगच्या तारेत आणि होल्डरमध्ये निर्माण होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे करंट पावणेदोनपट झाला नाही तोवर उष्णता जवळपास पावणेतीनपट. प्लास्टिकचा होल्डर आधी तपकिरी पडतो, मग वितळतो. फ्यूज उडायला लागला की ‘मोठा फ्यूज टाकून देतो’ हा सल्ला येतो. हा सल्ला कोणी दिला तर त्या गॅरेजमधून गाडी परत काढून घ्या. फ्यूज तारेला जळण्यापासून वाचवण्यासाठी असतो. मोठा टाकला की फ्यूजऐवजी तार जळणार.

रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) टाकून जाड तारेने थेट बॅटरीवरून पुरवठा दिला तर वायरिंगचा प्रश्न सुटतो. पण बल्बची उष्णता मग हेडलाइटच्या आत साठते: रिफ्लेक्टर काळवंडतो, पॉलिकार्बोनेटची काच पिवळी पडून तडकते, आणि वर्षभरात उजेड पूर्वीपेक्षाही कमी होतो.

समोरून येणाऱ्याचं काय

या सगळ्यात मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट ही की बल्ब बदलणाऱ्याला त्याचा त्रास कधी दिसतच नाही. तो आपल्या लाइटच्या मागे बसलेला असतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून साखर कारखाने सुरू झाले की कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नगरच्या रस्त्यांवर रात्री उसाच्या ट्रॉल्या असतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागचे लाइट बहुधा बंद, उसाचे शेंडे रिफ्लेक्टरवर लोंबलेले. अशा दुपदरी रस्त्यावर समोरून डोळे दिपवणारा लाइट आला आणि तो गेल्यावर दोन सेकंद काही दिसलं नाही, तर ताशी ८०च्या वेगात ४४ मीटर आपण आंधळेपणाने गेलेलो असतो. ट्रॉली त्या ४४ मीटरमध्ये असते. ज्याच्या लाइटने हे केलं तो तोवर पुढे निघून गेलेला असतो आणि मागे काय झालं ते त्याला कधी कळतही नाही.

वय वाढलं की डोळ्याचं भिंग गढूळ होत जातं, प्रकाश आत विखुरतो आणि दिपलेले डोळे पूर्ववत व्हायला तरुणांपेक्षा जास्त वेळ लागतो. पावसात हेल्मेटची काच ओली असलेल्या दुचाकीवाल्याला समोर नुसता झगझगाट दिसतो. आषाढात पहाटे अंधारात रस्त्याकडेने चालणारी दिंडी, शेतातून मोटर चालू करून परतणारा माणूस, या सगळ्यांचं दिसणं न दिसणं दुसऱ्याच्या हेडलाइटवर अवलंबून असतं. शिवाय याची लागण होते. समोरचा डोळ्यांवर लाइट मारतो म्हणून आपण अप्पर लावतो, तो दोन एलईडी बार बसवतो, मग आपणही. या चढाओढीत शेवटी कोणालाच रस्ता नीट दिसत नाही.

कायदा काय म्हणतो

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतले तीन नियम इथे महत्त्वाचे आहेत.

नियम १०५ म्हणतो की रात्री, म्हणजे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपर्यंत, आणि एरवीही उजेड पुरेसा नसेल तेव्हा, गाडीला असे दिवे हवेत की पुढे १५५ मीटरवरची माणसं आणि वाहनं स्पष्ट दिसतील. म्हणजे कायद्याला मिणमिणते लाइटही चालत नाहीत.

नियम १०६ समोरच्याचा विचार करतो. पुढचा दिवा असा बनवलेला, बसवलेला आणि राखलेला हवा की त्याचा झोत कायम खाली वळलेला असेल किंवा ड्रायव्हरला तो हवा तेव्हा खाली वळवता येईल, आणि त्या स्थितीत तो समोरच्याचे डोळे दिपवणार नाही. समोरचा म्हणजे कोण हेही नियमाने मोजून दिलं आहे: दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत असा माणूस. हे मोजमाप घरी करता येतं. गाडी सपाट जागी उभी करा, डिपर लावा, कोणाला तरी आत बसवा आणि ८ मीटरवर, अर्धा मीटर उजवीकडे, डोळे दीड मीटरवर येतील असे थांबा. नीट बसवलेल्या डिपरची रेघ तिथे जमिनीपासून जेमतेम ६० सेंटिमीटरवर असते, डोळ्यांच्या कितीतरी खाली. तरीही डोळे चुरचुरले तर तुमचा लाइट नियमात नाही, पाकिटावर काहीही छापलेलं असो.

नियम १११ पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट बसवायला बंदी करतो. अपवादात्मक परिस्थितीत नोंदणी अधिकाऱ्याची, म्हणजे आरटीओची, आधी परवानगी घ्यावी लागते. बंपरवरचे आणि टपावरचे लाइट बार जे कौतुकाने बसवतात त्यांनी हा नियम एकदा वाचावा.

या नियमांच्या खाली मानकं आहेत. दिवे गाडीवर कुठे, किती उंचीवर, कसे बसवायचे ते एआयएस-००८मध्ये (एआयएस म्हणजे ऑटोमोटिव्ह इंडस्ट्री स्टँडर्ड) आहे, बल्बसाठी वेगळी मानकं आहेत. ही एआयएस मानकं पुण्याची एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) ही संस्था प्रसिद्ध करते. तीच टेकडीवरची संस्था, जिच्या नावाने पुणेकर फिरायला जाण्याची टेकडी ओळखतात. नवीन मॉडेल बाजारात येण्याआधी त्याच्या हेडलाइटची तपासणी होते, आणि मंजुरी मिळते ती ठरावीक प्रकारच्या बल्बसह संपूर्ण हेडलाइटला. एच४ बल्बसाठी मंजूर झालेल्या हेडलाइटमध्ये एलईडी घातली की मंजूर झालेली वस्तू गाडीत उरतच नाही. ‘फक्त ऑफ-रोड वापरासाठी’ अशी बारीक अक्षरं कित्येक एलईडी आणि १००/९०च्या पाकिटांवर असतात ती याचमुळे. बनवणाऱ्याने आपली जबाबदारी त्या ओळीत झटकलेली असते.

शिक्षेचं पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये २०१९च्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. कायद्याने किंवा नियमांनी परवानगी नसलेल्या रीतीने, बाहेरचे भाग बसवूनही, गाडीत बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. कलम १९०(२) रस्ता सुरक्षेची मानकं मोडणारी गाडी चालवण्याबद्दल आहे. पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. प्रत्यक्ष चलान किती येतं हे पोलीस कोणतं कलम लावतात आणि राज्याने तडजोड शुल्क किती ठरवलंय यावर अवलंबून असतं, आणि ते पुष्कळदा याहून खूप कमी असतं. म्हणूनच ‘पाचशे रुपये भरले की सुटलो’ असं लोक म्हणतात.

या विषयावर बोलताना अनेक जण सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१९च्या निकालाचा हवाला देतात. केरळच्या आरटीओशी संबंधित त्या प्रकरणात न्यायालयाने कलम ५२चा अर्थ लावला: उत्पादकाने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. तो निकाल गाडीच्या ढाच्यातल्या बदलांबद्दल होता. बल्बसाठी त्या निकालापर्यंत जायची गरजच नाही, वरचे नियम पुरेसे आहेत.

टॅक्सी, टुरिस्ट, टेम्पो अशा व्यावसायिक गाड्यांना फिटनेसच्या वेळी हेडलाइटचा झोत तपासून घ्यावा लागतो. खासगी गाडीला पहिली पंधरा वर्षं असं कोणी पाहत नाही, आणि पीयूसीत तर दिव्यांचा संबंधच नसतो. त्यामुळे ‘इतकी वर्षं चालतंय’ हा युक्तिवाद उभा राहतो.

इतर देशांत वेगळं नाही. अमेरिकेच्या केंद्रीय मानकात हॅलोजनसाठी बनलेल्या हेडलाइटमध्ये बदली एलईडी बल्ब बसत नाही. जर्मनीने २०२० मध्ये एका कंपनीच्या एच७ एलईडी बल्बला रस्त्यासाठी पहिल्यांदा मंजुरी दिली, पण कशी ते बघण्यासारखं आहे: नेमक्या कोणत्या गाडीच्या कोणत्या हेडलाइटमध्ये तो चालेल याची यादी करून. प्रत्येक जोडी तपासली, जी रेघ सांभाळते ती यादीत, बाकीच्या बाहेर.

विमा आणि वॉरंटी

इथे थोडक्यात सांगतो. कंपनीच्या कपलरला, म्हणजे तारा जोडणाऱ्या प्लगला, हात न लावता फक्त बल्ब बदलला तर वॉरंटीवाले सहसा काही म्हणत नाहीत. तार कापून जोड दिला की इलेक्ट्रिकल वॉरंटीवर पाणी सोडावं लागू शकतं. बॉनेटखाली आग लागली आणि सर्वेअरला तिथे कापलेली तार, टेप गुंडाळलेला जोड आणि मोठा फ्यूज सापडला, तर दावा अडकायला कारण मिळतं. बाहेरून बसवलेल्या इलेक्ट्रिकल वस्तू पॉलिसीत जादा प्रीमियम भरून नोंदवता येतात, पण बेकायदा लाइट नोंदवल्याने कायदेशीर होत नाही.

मग उजेड वाढवायचा कसा

आधी आहे तो उजेड रस्त्यापर्यंत पोचतोय का ते पाहा. पाच-सात वर्षं उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीच्या हेडलाइटची काच पिवळी, धुरकट होते आणि बराच प्रकाश तिथेच अडतो. ती घासून पॉलिश करून घ्या, वर उन्हापासून वाचवणारा लेप द्यायला सांगा, नाहीतर काही महिन्यांत पुन्हा पिवळी होईल. विंडस्क्रीन आतून पुसा. डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून उडालेला चिकट थर तिच्यावर बसतो आणि रात्री समोरचा प्रत्येक दिवा त्यात फुटतो. जुना हॅलोजन जळण्याआधी मंदावतो, म्हणून दोन्ही बल्ब जोडीने बदला.

मग फोकस सेट करून घ्या. सर्व्हिस सेंटरमध्ये झोत मोजायचं यंत्र असतं, ते वापरून द्या असं स्पष्ट सांगा. भिंतीवर डोळ्याने बघून स्क्रू फिरवला तर दोन्ही बाजू क्वचितच सारख्या होतात. एवढ्यानेच बऱ्याच गाड्यांची ‘लाइट कमी आहे’ ही तक्रार संपते.

तरी कमी वाटलं तर नामांकित कंपनीचे तेवढ्याच वॉटचे, ६०/५५चेच, जास्त तेजस्वी हॅलोजन घ्या. त्यांची तार बारीक आणि जागच्या जागी असते, प्रकाश थोडा जास्त आणि लांब पडतो. आयुष्य मात्र कमी असतं, हे धरून चाला. जुन्या गाडीत बल्बपर्यंत पोचेपर्यंत व्होल्टेज घसरतं. तिथे कंपनीच्याच वॉटच्या बल्बला रिले आणि जाड तारेचं हार्नेस दिलं तर फरक लगेच दिसतो, आणि रेघही बिघडत नाही.

यापुढे जायचं असेल तर तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी जो अख्खा प्रोजेक्टर किंवा एलईडी हेडलाइट देते तो, कंपनीच्या कपलरसकट, अधिकृत डीलरकडून बसतो का ते विचारा. महाग पडतं, पण तिथे बल्ब, आरसा आणि काच एकमेकांसाठी बनलेले असतात. हेडलाइट ओव्हनमध्ये गरम करून काच सोडवायची, आत वेगळा प्रोजेक्टर चिकटवायचा आणि पुन्हा बंद करायचं असं काम करणारे कारागीर मोठ्या शहरांत आहेत. काहींचा हात खरोखर चांगला असतो. तरीही त्या हेडलाइटची मंजुरी संपलेली असते, आणि सील एकदा तुटलं की पाण्याला वाट मिळते.

फॉग लॅम्प वेगळे. ते खाली बसतात, रुंद आणि आखूड झोत देतात. धुक्यात आणि मुसळधार पावसात लावा. स्वच्छ रात्री ते लावून फिरण्याने पुढचे दहा मीटर उजळतात आणि डोळ्याचं तेच होतं जे वर सांगितलं.

गाडी जुनी घेतली आणि लाइट आधीच बदललेले असतील तर

जुन्या गाडीच्या व्यवहारात टायर, क्लच, इन्शुरन्स सगळं विचारलं जातं, हेडलाइट राहून जातात. बॉनेट उघडून हेडलाइटच्या मागची रबरी टोपी आहे का पाहा. कापलेली असेल, मागून पंखा किंवा जाळी बाहेर आली असेल, तारांच्या मधे काळा डबा लटकत असेल तर बल्ब बदललेला आहे. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर हेडलाइटचा जो अँपिअर आकडा छापलेला असतो तो आणि आतला फ्यूज जुळतोय का ते बघा. होल्डर काढून त्याचं प्लास्टिक तपकिरी झालंय का तपासा, झालं असेल तर तो बदलावाच लागेल.

मूळ बल्ब परत बसवणं हे अर्ध्या तासाचं काम असतं. मालकाच्या मॅन्युअलमध्ये बल्बचा प्रकार लिहिलेला असतो: एच४, एच७, एच११ किंवा आणखी काही. तोच आणि तेवढ्याच वॉटचा घ्या, बसवताना काचेला बोट लावू नका, कारण बोटाचं तेल तापून बल्ब लवकर जातो. मग फोकस पुन्हा सेट करून घ्या, कारण आधीच्या मालकाने एलईडीच्या हिशेबाने तो कुठेतरी फिरवून ठेवलेला असण्याची दाट शक्यता असते. आणि स्वतःच्या गाडीला एलईडी बसवायला दुकानात गेलाच असाल आणि बल्ब काढून झाले असतील, तर किमान काढलेले कंपनीचे बल्ब आणि रबरी टोप्या दुकानातून परत मागून आणा.